उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक केलेला (कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) संगणक संध्याकाळी अचानक बंद पडतो, पंख्याचीही तक्रार येते. दोष नेमका कोठे शोधावा?

प्रश्न : स्टुडिओचालक, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातील एका गावात माझा फोटो स्टुडिओ असून लग्नाच्या चित्रीकरणाचे एडिटिंग मी स्वतःच करतो. त्यासाठी जुळवलेला संगणक असा आहे : रायझन 5 2600 प्रोसेसर, बी450 चिपसेटचा साधा मदरबोर्ड, 3200 वेगाची 16 जीबी डीडीआर4 रॅम, वापरलेले विकत घेतलेले आरएक्स 580 ग्राफिक्स कार्ड, 450 वॅटचा एसएमपीएस (भिंतीतील वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलून देणारा डबा) आणि 600 व्हीएचा यूपीएस. गेल्या डिसेंबरात रेंडरचा, म्हणजे एडिट केलेल्या चित्रीकरणाची अंतिम फाइल तयार होण्याचा, वेळ वाचावा म्हणून मी प्रोसेसरचे सहाही कोअर 4.0 गिगाहर्ट्झवर नेले, व्होल्टेज 1.3625 ठेवले आणि त्याच दिवशी प्रोसेसरसोबत आलेला बसका पंखा काढून उभा टॉवर कूलर बसवला. फेब्रुवारी संपेपर्यंत कसलीच तक्रार नव्हती. रात्री रेंडर लावून झोपावे आणि सकाळी तयार फाइल उचलावी, इतके ते सरळ चालले होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र संगणकाचे तंत्र बिघडले आहे. दुपारी रेंडर सुरू असताना वेग मधूनच एकदम घसरतो आणि काही मिनिटांनी पुन्हा पूर्ववत होतो. संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान यूपीएसमधून टक-टक असा आवाज येत राहतो आणि रेंडर चालू असेल तर संगणक एकदम विझतो. त्यांपैकी काही वेळा तर मागचे बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो उठतच नाही. सकाळी सुरू करताना कधी पडद्यावर ‘सीपीयू फॅन एरर’ असे येऊन यंत्र तेथेच थांबते, तर कधी पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावत राहतो आणि बायोसमधील (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावरील) माझी सगळी सेटिंग पुसली गेलेली असते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद दिसते. एका दुकानात मदरबोर्ड गेल्याचे सांगितले, दुसऱ्या दुकानात रॅम बदलायला सांगितली. मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवून पाहिली, एकही चूक निघाली नाही. खोलीवर टिनाचे छत आहे आणि रस्त्यापलीकडे कापसाचे जिनिंग आहे, हेही सांगून ठेवतो. लग्नसराई ऐन भरात असल्याने महिनाभर यंत्र बंद ठेवणे परवडणार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : संगणक दुरुस्ती, हिंगणघाट

भाऊ, मदरबोर्डाला आणि रॅमला तूर्त दोष देऊ नका. तुम्ही एका तक्रारीत तीन तक्रारी सांगितल्या आहेत आणि त्या तिन्हींची वेळ वेगळी आहे, हीच या प्रश्नातील सर्वांत उपयोगाची माहिती आहे. दुपारी वेग घसरतो, संध्याकाळी यंत्र विझते आणि सकाळी पंखा अडतो. एकच सुटा भाग खराब असता, तर त्याने घड्याळ पाहून असे वागण्याचे काही कारण नव्हते.

प्रथम ‘कर्नल-पॉवर 41’विषयी, कारण या नोंदीमुळे अनेकांची दिशाभूल होते. ही नोंद संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी तो रीतसर बंद झाला नव्हता. का बंद झाला, हे ती सांगत नाही. तीच नोंद उघडून तपशिलात ‘बगचेक कोड’ पाहा. तो शून्य असेल, तर बिघाड दाखवणारा निळा पडदा येण्याइतकीही सवड विंडोजला मिळाली नाही असे समजावे. त्याच वेळेच्या आसपास ‘व्हिआ-लॉगर’ या नावाची, हार्डवेअरची चूक दाखवणारी, 18 क्रमांकाची नोंद आहे का, तेही पाहा. ती असल्यास कोअरला त्या वेगासाठी व्होल्टेज अपुरे पडत असल्याचा संशय घेता येतो. ती नसेल आणि कोडही शून्य असेल, तर विजेच्या वाटेवर शोध घ्यावा.

दुसरी खूण तुम्हीच दिली आहे. मागचे बटण बंद-चालू केल्याशिवाय यंत्र उठत नाही, याचा अर्थ एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी कुलूप लावून घेतले आहे. व्होल्टेज मर्यादेखाली गेले किंवा भार क्षमतेबाहेर गेला की चांगला एसएमपीएस असा बंद होतो आणि मुख्य वीज तोडून पुन्हा दिल्यावरच मोकळा होतो. प्रोसेसर अति तापूनही यंत्र विझू शकते, परंतु तसे होण्यापूर्वी तो आपला वेग कमी करून पाहतो; म्हणून तुमची दुपारची घसरण उष्णतेची आणि संध्याकाळचे विझणे विजेचे, अशी माझी सध्याची अटकळ आहे.

आता भाराचा हिशेब मांडू. प्रोसेसरची वीज त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे ओव्हरक्लॉक करणारे बहुतेक जण विसरतात. समजा, मूळ सेटिंगवर तो पूर्ण भाराखाली 3.6 गिगाहर्ट्झ आणि 1.2 व्होल्टच्या आसपास चालत होता. तेथून तुम्ही 4.0 आणि 1.3625वर आला, तर वेग 11 टक्के वाढला आणि वीज सुमारे 43 टक्के. 65 वॅट हा खोक्यावरचा आकडा तुमच्या सेटिंगला लागू नाही. मदरबोर्डावरील रूपांतरणात होणारा ऱ्हास धरून प्रोसेसरच्या वाट्याला 120 ते 125 वॅट सहज लागत असतील. आरएक्स 580 कार्डाचे 185 वॅट. रॅम, डिस्क, पंखे आणि बोर्ड यांचे 40 धरा. बेरीज 350च्या घरात जाते आणि यातील जवळजवळ सगळा भार 12 व्होल्टच्या वाहिनीवर पडतो.

म्हणून एसएमपीएसवरचा ‘450’ हा मोठा आकडा न वाचता, बाजूच्या चिकटपट्टीवर 12 व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि त्याला 12ने गुणा. स्वस्त एसएमपीएसमध्ये एकूण क्षमतेतील बराच वाटा 3.3 आणि 5 व्होल्टच्या वाहिन्यांच्या नावावर मांडलेला असतो, ज्याचा आजच्या संगणकाला फारसा उपयोग नाही. त्याच पट्टीवर इनपुट व्होल्टेज ‘100–240’ आहे की ‘200–240’, हेही कळवा. तुमच्या गावच्या संध्याकाळसाठी हा आकडा फार महत्त्वाचा आहे.

मल्टिमीटर असेल तर रेंडर चालू असताना एसएमपीएसमधून निघणाऱ्या मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या) जोडाच्या पिवळ्या आणि काळ्या तारेतील डीसी व्होल्टेज मोजा. एटीएक्स या संगणकाच्या एसएमपीएससाठीच्या मानकाप्रमाणे ते 11.40 ते 12.60 यांच्या आत राहिले पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या 12 व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका. माझ्या टेबलावर आलेल्या एका बोर्डाने 9.8 व्होल्ट दाखवले होते आणि यंत्र मात्र ठणठणीत चालत होते. एसएमपीएसचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

उत्तर : वीज-जोडणीची कामे, आर्णी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र मी भिंतीच्या अलीकडे न येता पलीकडून सुरुवात करीन. घरगुती जोडणीवर 230 व्होल्टच्या 6 टक्के खाली-वर, म्हणजे साधारण 216 ते 244, हा मान्य पल्ला आहे. डीपीपासून (गावात वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात उन्हाळ्याच्या संध्याकाळी हा पल्ला कागदावरच राहतो, कारण त्याच वेळी प्रत्येक घरातील कूलर, पंखे आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झालेल्या असतात. तेव्हा सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री आठ अशा तीन वेळा सॉकेटमधील व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. तारखेसह लिहिलेला कागद हाती असला, की डीपीवरील भाराची तक्रार नोंदवतानाही तो कामी येतो.

संगणकाची गंमत अशी की तो बल्बासारखा मंद होत नाही. व्होल्टेज कमी झाले, तर एसएमपीएस तेवढीच वीज अधिक प्रवाह ओढून मिळवतो. भिंतीतून 400 वॅट घेणारे यंत्र 230 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेत असेल, तर 170 व्होल्टवर ते सुमारे 2.35 अँपिअर घेईल. त्यामुळे एसएमपीएसचा पुढचा भाग अधिक तापतो, आणि ज्या कपॅसिटरच्या साठ्यावर तो क्षणभराचा खंड निभावून नेतो तो साठाही कमी झालेला असतो. पूर्ण भाराखाली एसएमपीएसने निभावण्याचा काळ 16-17 मिलिसेकंद अपेक्षित असतो; आपल्याकडील 50 हर्ट्झ विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते. म्हणजे पूर्ण एक आवर्तनही त्याच्या हाती नसते, आणि व्होल्टेज आधीच खाली असताना तर त्याहूनही कमी. शेजारची मोटार सुरू होताना दिवे मिचकावतात, तेवढा काळ पुरेसा आहे.

आता तुमच्या ‘टक-टक’कडे येतो. तो आवाज यूपीएसमधील रिलेचा आहे. व्होल्टेज खाली गेले की हा यूपीएस आधी ट्रान्सफॉर्मरचा टप्पा बदलून ते उचलतो आणि त्यानेही भागले नाही की बॅटरीवर जातो. 600 व्हीएचे यूपीएस बहुधा 360 वॅटचे असतात. हिंगणघाटच्या भाऊंनी आतला भार 350 काढला आहे. एसएमपीएसची कार्यक्षमता 82 टक्के धरली, तर भिंतीकडून सुमारे 427 वॅट ओढले जातात आणि त्यात मॉनिटर धरलेलाच नाही. वीज असताना यूपीएस हा जादा भार कसाबसा पुढे ढकलतो, पण बॅटरीवर जाण्याचा प्रसंग आला की त्याच क्षणी तो हात टेकतो. तुमचा संगणक यूपीएस असूनही विझतो असे नसून, अशा वेळी तो यूपीएसमुळेच विझत असण्याची शक्यता अधिक आहे. पडताळणी सोपी आहे : दुपारी व्होल्टेज चांगले असताना, फक्त वर्ड उघडे ठेवून यूपीएसची पिन काढा, संगणक टिकेल. मग रेंडर लावून, कामाची फाइल जपून ठेवून, तोच प्रयोग करा.

कोणी घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवत असेल, तर त्याने इन्व्हर्टरची कळ यूपीएस-मोडवर आहे का ते पाहावे. साध्या मोडमध्ये तो बराच खालचा दाबही चालवून घेतो आणि बदलायला वेळ लावतो. यूपीएस-मोडमध्ये तो साधारण 180च्या खाली गेल्यावर लगेच बॅटरीवर जातो, पण मग रोज संध्याकाळी बॅटरी रिकामी होते. यातून सुटका म्हणजे संगणकाच्या आधी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवणे. टीव्हीसाठीचा छोटा स्टॅबिलायझर येथे चालणार नाही. किमान 1 केव्हीएचा आणि 140 व्होल्टपासून काम करणारा घ्यावा.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट लांबण लावून सांगतो, कारण ती आपल्या मातीची आहे. यवतमाळ-वर्ध्याकडील काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात आटते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातील माती तशीच आकसून पट्टीपासून सुटते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर हेच कारण असते : एसएमपीएसच्या गाळणीतील कपॅसिटरमधून अगदी अल्प प्रवाह कॅबिनेटवर येतो, एरवी तो जमिनीत जातो, आता त्याला वाट नसते. फेज-अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थिंग अशी दोन्ही मापे घ्या. खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घातले तरी फरक दिसतो. सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनेला जोडून ‘अर्थिंग करून दिले’ असे सांगणारेही भेटतात. तसे केलेले आढळल्यास ती जोडणी त्याच दिवशी काढून घ्या, कारण मागे कोठे न्यूट्रल तुटला तर संपूर्ण कॅबिनेटमध्ये फेज उतरेल.

उत्तर : पुसद

माझ्याकडेही दुपारी असेच होत होते. मी कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून समोर टेबल फॅन लावला आणि तापमान 10 अंशांनी उतरले. खर्च शून्य. आधी हे करून पाहावे, मग बाकीचे.

उत्तर : वरूड (जि. अमरावती)

पुसदच्या दादांचा उपाय तपासणी म्हणून चांगला आहे. झाकण काढल्यावर तापमान 10 अंशांनी उतरत असेल, तर कॅबिनेटमध्ये हवेचा मार्ग अडला आहे हे सिद्ध होते. पण प्रश्नकर्त्याच्या घरासमोर जिनिंग आहे. तेथे उघड्या कॅबिनेटवर टेबल फॅन लावणे म्हणजे हवेत तरंगणारी रुई गोळा करून हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, नेऊन ठेवणे होय. मी अशा भागातून आलेला एक संगणक उघडला होता. पंखा काढल्यावर हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी रंगाचा, घोंगडीसारखा एकसंध थर होता आणि तो चिमटीत धरून ओढला तर अख्खा सुटून हातात आला. पाठीमागून पाहणाऱ्याला तो हीटसिंक स्वच्छच दिसत होता, कारण पंखा आणि पाती यांच्या मधल्या फटीत काय साचले आहे ते बाहेरून कळत नाही. तेव्हा नुसता फुंका मारून समाधान मानू नये. क्लिप सोडवून पंखा बाजूला काढावा.

दुपारच्या तापमानाचा हिशेब साधा आहे. हवेने थंड होणाऱ्या प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानासोबत अंशाला अंश वर सरकते. डिसेंबरात 20 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 68वर असेल, तर तोच भार 41 अंशांच्या टिनाच्या खोलीत 89वर जाईल, आणि त्यात रुईचा थर मिळाला की 95 गाठायला वेळ लागत नाही. 2600ची मर्यादा 95 अंशांची आहे. डिसेंबरात घेतलेली ओव्हरक्लॉकची चाचणी डिसेंबरापुरतीच खरी असते. आमच्याकडे मी बायोसमध्ये ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’ अशा दोन प्रोफाइल करून ठेवल्या आहेत आणि अक्षय तृतीयेला, घरात माठ येतो त्याच दिवशी, संगणकही उन्हाळी प्रोफाइलवर जातो. हसू येईल, पण विसरायला होत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मते अद्याप कोणाच्या लक्षात आलेली नाही. तुम्ही बसका पंखा काढून टॉवर कूलर बसवला. बसक्या पंख्याची हवा खाली बोर्डावर आदळून प्रोसेसरच्या भोवती असलेल्या व्हीआरएमला, म्हणजे 12 व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्ट करून देणाऱ्या भागाला, आपसूक थंड करत असे. टॉवरची हवा आडवी जाते आणि व्हीआरएमला ती मिळतच नाही. एकीकडे त्या भागावरचा भार चाळीस टक्क्यांनी वाढवला आणि दुसरीकडे त्याचा वारा काढून घेतला, असे झाले आहे. साध्या बी450 बोर्डावर व्हीआरएमला धातूची पट्टीही पुष्कळदा नसते. तो तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग एकदम खाली आणतो आणि थंड झाल्यावर सोडून देतो; तुमची दुपारची ‘मधूनच घसरण’ तंतोतंत अशीच दिसते. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून घसरणीच्या क्षणी प्रोसेसरचे तापमान पाहा. ते 85च्या आत असूनही वेग पडत असेल, तर दोषी व्हीआरएम आहे. 80 मिलिमीटरचा एक छोटा पंखा प्लास्टिकच्या पट्टीने त्याच्यावर बांधला तरी पुरतो.

आता सकाळचा पंखा. टॉवर कूलरच्या पंख्याला तीन तारा आहेत की चार? तीन तारांचा पंखा व्होल्टेज कमी-जास्त करूनच हळू-जलद होतो. चार तारांच्या पंख्याला 12 व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरील स्पंदांनी वेग ठरतो. बायोसमध्ये त्या जोडासाठी ‘डीसी’ आणि ‘पीडब्ल्यूएम’ असे दोन पर्याय असतात. तीन तारांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला, तर त्याला चौथी तारच नसल्याने तो सदैव पूर्ण वेगाने घोंघावतो. उलट डीसीवर ठेवून किमान मर्यादा 40 टक्के केली, तर त्याच्या वाट्याला 4.8 व्होल्ट येतात. नवा पंखा एवढ्यावर फिरतो, पण बेअरिंगमधले वंगण आटलेला आणि आसाला रुई गुंडाळलेला जुना पंखा जागचा हलत नाही. बोर्डाला फेरे शून्य दिसतात आणि तो ‘सीपीयू फॅन एरर’ देऊन थांबतो. ही सूचना बायोसमधून बंद करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका.

बायोसची सेटिंग पुसली जाते, त्यासाठी बोर्डावरील सीआर2032 हा बटन-सेल मोजा. भिंतीत वीज असते तोवर एसएमपीएसच्या स्टँडबाय वाहिनीवर बोर्डाचे घड्याळ चालते आणि सेल नुसता बसून असतो. वीज गेली किंवा मागचे बटण बंद केले की सेल खर्ची पडतो. आपल्याकडे जेवढे तास लाईन नसते, तेवढे सेलचे आयुष्य कमी. नवा सेल 3 व्होल्टच्या थोडा वर असतो. तुमचा 2.7च्या खाली गेला असेल, तर पंख्याची दोन्ही रूपे एकाच कारणाने सुटतील : सेटिंग पुसली की पंखा मूळच्या पीडब्ल्यूएमवर जाऊन घोंघावतो, तुम्ही प्रोफाइल परत आणली की डीसीवर येऊन अडतो.

खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असेल तर तो जरूर चालवा. खोलीचे तापमान उतरते, त्याचा थेट फायदा यंत्राला मिळतो. फक्त त्याचे तोंड कॅबिनेटकडे नसावे. सोबत उडणारे बारीक तुषार आणि बोअरच्या पाण्यातील क्षार बोर्डावर पांढरे डाग ठेवतात आणि त्या ओलसर थरावर रुई आणखी घट्ट बसते.

प्रश्नकर्ता, दारव्हा तालुका

सर्वांचे आभार. चार दिवस मोजमापे घेतली, ती देत आहे.

सॉकेटमधील व्होल्टेज सकाळी 226, दुपारी 208 आणि रात्री आठ वाजता 172 ते 178. त्याच वेळी यूपीएसच्या बाहेरील बाजूस 197. एसएमपीएसच्या पट्टीवर इनपुट ‘200–240’ असून 12 व्होल्टच्या वाहिन्यांखाली एकत्रित 324 वॅट लिहिलेले आहे. मोलेक्सवर रिकाम्या यंत्रात 12.06 व्होल्ट दिसले. रेंडर चालू असताना सकाळी 11.62 आणि रात्री 11.31. रेंडर लावून यूपीएसची पिन काढली, तेव्हा एक लांब शिट्टी वाजली आणि सगळे विझले. फक्त वर्ड उघडे असताना तो सात मिनिटे टिकला. बगचेक कोड शून्य आहे, व्हिआची एकही नोंद नाही.

कूलरचा पंखा तीन तारांचाच निघाला. क्लिप सोडवली तेव्हा वरूडच्या दादांनी वर्णन केलेली घोंगडी आमच्याकडेही होती. लहान मुलीने ती शाळेच्या प्रदर्शनाला नेण्याची परवानगी मागितली आहे. सेल 2.58 व्होल्ट भरला. दुपारी वेग पडला त्या वेळी प्रोसेसर 83 अंशांवर होता. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये 31 व्होल्ट आहेत, याचा अर्थ कृपया सांगावा. नवा एसएमपीएस आणि यूपीएस दोन्ही एकदम घेणे जूनपर्यंत जमणार नाही, तोवर काय करावे?

उत्तर : संगणक दुरुस्ती, हिंगणघाट

आकड्यांनी बहुतेक सगळे सांगितले आहे. 324 वॅटच्या वाहिनीवर 350चा भार, 200 व्होल्टपासून काम करण्याची हमी असलेल्या एसएमपीएसला 197 व्होल्ट आणि परिणामी 11.31. तो बंद होतो, हे त्याचे उपकारच समजा; संरक्षण नसलेला असता तर सोबत बोर्ड घेऊन गेला असता.

जूनपर्यंत भार उतरवा. प्रोसेसर 3.8 गिगाहर्ट्झ आणि 1.2 व्होल्टवर आणून पाहा. वेग 5 टक्के कमी होईल, पण वीज सुमारे 26 टक्के घटेल, म्हणजे 30 वॅटहून अधिक. प्रत्येक प्रोसेसर 1.2वर स्थिर राहीलच असे नाही. प्राइम95 किंवा ओसीसीटी ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी तासभर चालवा आणि अडखळला तर 0.0125च्या एकेका पायरीने वर या. ग्राफिक्स कार्डाची पॉवर-लिमिट 20 टक्क्यांनी खाली घ्या. दोन्ही मिळून आतला भार 285च्या आसपास येईल. भिंतीकडील मागणी 350 वॅटपर्यंत उतरेल, मॉनिटर यूपीएसवरून काढून सरळ सॉकेटवर लावा, म्हणजे 360च्या आत राहाल. तरीही ही काठावरची बाब आहे, हे विसरू नका.

जूनमध्ये घेताना आधी एसएमपीएस घ्या : 100–240 इनपुटचा, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (भिंतीतील प्रवाह सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचा), 12 व्होल्टवर 500 वॅट तरी देणारा. मग यूपीएस घेताना तो 1 केव्हीएच्या पुढचा आणि शक्यतो शुद्ध साइन-वेव्हचा पाहा, कारण काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस पायऱ्यांच्या आकाराच्या विजेवर बदल होताना बंद पडतात. मोलेक्सवरून ग्राफिक्स कार्डाचा जोड करून देणारी तार दुकानदार फुकट देतो. ती घेऊ नका.

उत्तर : वीज-जोडणीची कामे, आर्णी

31 व्होल्ट फार आहेत. चांगल्या जोडणीत भाराखालीही हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आसपास असावा. तो दोन कारणांनी वाढतो : अर्थिंगला जमीन मिळत नाही किंवा न्यूट्रलचा जोड सैल आहे. घरातील सगळा भार बंद करून पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर अर्थिंग, आणि उतरला तर न्यूट्रल, अशी ढोबळ निवड करता येते. न्यूट्रलचा संशय असल्यास थांबू नका. मीटरपासून खांबापर्यंतचा जोड वायरमनकडून तपासून घ्या, कारण तो पूर्ण सुटला तर घरात 230ऐवजी कितीही व्होल्टेज येऊ शकते.

प्रश्नकर्ता, दारव्हा तालुका

दहा दिवसांनी लिहीत आहे. प्रोसेसर 1.2 व्होल्टवर चाळीस मिनिटांत अडखळला, 1.225वर स्थिर आहे. नवा सेल, चार तारांचा नवा पंखा, नवी थर्मल पेस्ट आणि व्हीआरएमवर जुन्या एसएमपीएसमधून काढलेला 80 मिलिमीटरचा पंखा, एवढे केले. दुपारी 41 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 76च्या वर गेला नाही आणि वेग एकदाही घसरला नाही. रात्री मोलेक्सवर 11.52 दिसतात. ज्या रेंडरला डिसेंबरात दोन तास पाच मिनिटे लागत, त्याला आता दोन तास सोळा मिनिटे लागतात. तरीही मोठी रेंडर रात्री अकरानंतरच लावतो, तेव्हा सॉकेटमध्ये 210च्या वर व्होल्टेज असते.

सगळा भार बंद केल्यावर न्यूट्रल-अर्थिंगचा आकडा 31वरून 4वर आला. वायरमनने खांबावर चढून पाहिले, तर न्यूट्रलची तार नुसती पीळ देऊन अडकवलेली होती आणि पिळाच्या जागी काळी पडली होती. ती त्याने क्लँप लावून घट्ट करून दिली. आता रात्री आठला सॉकेटमध्ये 189 मिळतात आणि यूपीएसची टक-टक मोटारी सुरू होण्याच्या वेळीच काय ती ऐकू येते.